सवतीला घेऊन बाराशे मैल

"फ्लाइटने तीन तासांत पोचशील," मिलिंद म्हणाला. खरं होतं. फ्रिस्कोहून डॅलसचा विमानतळ अर्ध्या तासावर, तिथून डेट्रॉइट, आणि पुढे बसने ॲन आर्बर. पण माझ्याकडे पाच लिटरचा प्रेशर कुकर होता, मिक्सर होता, दोन किलो भाजणी होती आणि एक सवत होती. सवतीला सिक्युरिटीच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, बूट-बेल्टांच्या शेजारी ठेवायला माझा जीव होईना. म्हणून गाडीने जायचं ठरवलं. तीन दिवस, बाराशे मैल, एकटी.

आता सवतीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी मिलिंदची दुसरी बायको. पहिली मेघना. ती गेली तेव्हा त्यांची मुलगी ईरा तीन वर्षांची होती. दोन वर्षांनी मी नागपूरहून लग्न करून इथे आले, तेव्हा सासूबाईंनी देवघरातला चांदीचा एक लहानसा गोल तुकडा माझ्या हातावर ठेवला. "हा मेघनाचा टाक. आधी तिला, मग तुला." आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. पहिली बायको गेली की चांदीच्या पत्र्यावर तिची आकृती ठोकून घ्यायची, आणि दुसरीने रोज तिची पूजा करायची. जेवायच्या आधी तिला घास, सणाला नवीन साडी आधी तिला दाखवायची. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, दिवसभर लोकांच्या चुका शोधते. पण हे मी पंधरा वर्षं एकदाही न चुकवता केलं. भक्तीने केलं म्हणणार नाही. भीतीने केलं.

त्या टाकावर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती, झिजून झिजून चेहरा गेलेली. भोवती बारीक फुलांची कड. मी कितीदा मोजली, अकरा फुलं. वर एक भोक, आणि भोकात काळं काहीतरी, जे कितीही घासलं तरी निघायचं नाही. मागच्या बाजूला अधिकचं चिन्ह. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. वर्षानुवर्षं मी टाक बाई वर करून ठेवायचे आणि सकाळी पूजेला बसले की तो पालथा असायचा. नेहमी नाही. आठवड्यातून एकदा, दोनदा. मी मुकाट्याने सरळ करायचे आणि साखर जरा जास्त ठेवायचे.

यंदा अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाच्या दिवशी, ईराने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, कॅन आय हॅव मॉम्स टाक? माझ्या अपार्टमेंटमध्ये ठेवीन. आय विल टेक केअर ऑफ इट." ती वीस वर्षांची आहे, ॲन आर्बरला शिकते, आणि मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणते. नाही कसं म्हणणार? मनातून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी टाकाची मखमली थैली धुवायला उलटी केली, तर अस्तरातून एक पिवळं पडलेलं कार्ड निघालं. जुनी नाणी, खरेदी-विक्री. सेंट जेनेव्हीव, मिझूरी. सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, त्यांना विचारता येईना. मिलिंदला विचारलं. "तेव्हा आम्ही सेंट लुईसला होतो. तिथून तासभर असेल ते गाव," एवढं बोलून तो कचरा बाहेर ठेवायला गेला. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार नव्हती. मेघनाचा विषय निघाला की तो असाच काहीतरी उचलून बाहेर जातो. मी नकाशा उघडला. गाव वाकडी वाट करून रस्त्यात येत होतं.

पहिला दिवस सगळा गाडी चालवण्यात गेला. ७५ नंबरचा हायवे धरून उत्तरेला ओक्लाहोमा, मग टोलरोड, मग मिझूरी. ओक्लाहोमाचा टोल रोख देता येत नाही, नंबरप्लेटचा फोटो काढून बिल घरी येतं, तेव्हा घाबरून थांबू नका. तुलसाच्या पुढे एका डायनरमध्ये ग्रिल्ड चीज आणि टोमॅटो सूप घेतलं, टिप धरून सोळा डॉलर. सवयीने मी पहिला घास मोडून बशीत बाजूला ठेवला. वेट्रेस कॉफी ओतायला आली, बशीकडे बघून तिने विचारलं, "कुणी यायचंय का अजून?" मी नाही म्हणाले. तरी जाताना ती समोरच्या खुर्चीपुढे पाण्याचा ग्लास ठेवून गेली. तिची चूक नाही, बशी तशी दिसतच होती. पण मी उरलेलं सूप पटापट संपवलं आणि उठले.

मुक्काम रोला गावात. मोटेल ब्याऐंशी डॉलर, स्वच्छ, फुकट नाश्त्यात वॅफल. टाक मी कापसात गुंडाळून, बाई वर करून, स्टीलच्या डबीत ठेवला होता, आणि डबी टेबलावर. सकाळी अंघोळ करून साखर दाखवायला झाकण उघडलं तर अधिकचं चिन्ह वर. मी डबी हलवली नव्हती. खोलीला आतून साखळी होती. वॅफल न खाता निघाले.

रोलापासून सेंट जेनेव्हीवपर्यंत दोन रस्ते आहेत. बहुतेक लोक सेंट लुईसवरून हायवेने जातात. मी डोंगरातून जाणारा ७२ आणि मग ३२ नंबरचा रस्ता घेतला. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर हाच घ्या, पण पेट्रोल भरून घ्या आणि नकाशा आधी डाउनलोड करा, कारण मैलोन्‌मैल फोनला रेंज नाही. दोन्ही बाजूंना तांबडी-पिवळी झाडं आणि त्यांच्या बुंध्यांत धुकं. इतकं सुंदर होतं की कुणाला तरी दाखवावंसं वाटलं आणि मी शेजारच्या सीटकडे बघून "बघ गं" म्हणाले. शेजारच्या सीटवर डबी होती, सीटबेल्ट लावलेली. बेल्ट मीच लावला होता, घसरू नये म्हणून. एवढंच.

सेंट जेनेव्हीव हे मिसिसिपीकाठचं जुनं फ्रेंच गाव. अमेरिकेत सगळं कालपरवाचं वाटतं, इथे तसं वाटत नाही. लाकडाचे ओंडके उभे रोवून बांधलेली बुटकी घरं, चारही बाजूंनी पडव्या, कुंपणाला लाकडी फळ्या. कोकणातून आणून ठेवल्यासारखी घरं, फक्त आवाज काढून घेतलेली. मंगळवार होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. नाण्यांचं दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत अजून उघडं होतं. आत एकच म्हातारा, ऐंशीच्या पुढचा, एका डोळ्यात मोतीबिंदू वाढलेला. नाव त्याने पुढे लेरॉय सांगितलं. तो इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत सांगते.

दाराची घंटा वाजली तसं त्याने मान वर केली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आलात का परत?"

मला वाटलं, गिऱ्हाइकाला असंच म्हणत असेल. मी डबी उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्याने टाक बोटाच्या टोकांत धरला, लाकडी काउंटरवर वीतभर उंचीवरून टाकला आणि कान देऊन ऐकलं. पंधरा वर्षं मी त्याला भुईला टेकू दिलं नव्हतं. माझ्या तोंडून "अहो!" निघून गेलं, मराठीतच.

"चांदी चांगली आहे. तेव्हाही सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "ग्रो. फ्रान्समधलं, साडेसातशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाडलेलं मोठं नाणं."

"नाणं?"

"मग काय?" त्याने भिंग माझ्या हातात दिलं. "हा क्रॉस. आणि हा किल्ला. हे दोन बुरूज, हे मधलं छप्पर, वर छोटा क्रॉस." मी भिंगातून पाहिलं. पदर म्हणजे छप्पर होतं. खांदे म्हणजे बुरूज होते. चेहरा झिजलेला नव्हता, तिथे चेहरा कधीच नव्हता.

त्याला बोलायला माणूस हवं होतं. म्हणाला, त्याआधी लोकांच्या हातात बहुतेक दनिए नावाची बारकी, काळपट नाणी असायची. पाव, मेणबत्ती, पुलावरचा कर, सगळं त्यात. असं एक ग्रो म्हणजे बारा दनिए, साधारण मजुराची दिवसभराची कमाई. बाजारात निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण कडेची फुलं मोजता यायची. बारा लिली म्हणजे बारा दनिए, अशी खूण होती म्हणतात.

"अकरा आहेत," मी म्हणाले.

"बाराच. एक भोकात गेलं." मग सुईने तो भोकातलं काळं उकरायला लागला. "मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का, भोकाचं घेऊ नका, किंमत निम्मी होते? शेजारीच चांगलं होतं. तुम्ही ऐकायला तयार नाही. म्हणालात, भोकाचंच पाहिजे, आणि झिजलेलंच पाहिजे, खूप हातांतून गेलेलं." सुईच्या टोकावर काळ्या दोऱ्याचा एक तंतू निघाला. "हे बघा. बांधलंत शेवटी." त्याने स्वतःच्या पोटाभोवती, पँटच्या पट्ट्याच्या जागी, दोन्ही हातांनी दोरा बांधल्यासारखं केलं. "बाळाच्या कमरेला. दाखवलं होतंत मला तुम्ही. पोट एवढं मोठं होतं तुमचं."

करदोटा. आमच्याकडे करदोडा म्हणतात. बाळाच्या कमरेला काळा दोरा, त्यात चांदीचं काहीतरी, दृष्ट लागू नये म्हणून. तो मला मेघना समजत होता, आणि मेघनाने हे नाणं ईरासाठी घेतलं होतं.

"मुलगीच झाली ना?" त्याने विचारलं. "तुम्ही अगदी खात्रीने सांगत होतात."

मी सांगायला हवं होतं की मी ती नाही. तोंड उघडलंही होतं. काचेच्या कपाटात माझं धूसर रूप दिसत होतं, कपाळावर टिकली, बाकी चेहरा नाही. "हो," मी म्हणाले. "मुलगीच. वीस वर्षांची आहे. हट्टी आहे, जेवायची वेळ पाळत नाही, पण गुणी आहे." तो खूश झाला. म्हणाला, "तुमचा आवाज तेवढा बदललाय."

नाण्यासाठी पाच डॉलरची एक प्लास्टिकची चपटी डबी घेतली. दहाची नोट दिली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. गल्ल्यात शोधून त्याने नखाएवढा अर्धचंद्र माझ्या तळव्यावर ठेवला. कापलेलं दनिए. "तेव्हाही सुट्ट्यांची टंचाईच असायची. मग कातरीने दोन करायचे. अर्ध्याला अर्धा माल. कापलंय म्हणून खोटं नाही म्हणायचं कुणी." एका बाजूला अर्धा क्रॉस, दुसऱ्या बाजूला अर्धा किल्ला. खिशात टाकून मी बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर खरी भीती आली. आपण केलं काय? पंधरा वर्षं मी एका जिवंत पोरीच्या करदोट्यातल्या चांदीला मेलेल्या बाईचा टाक म्हणून पुजलं. अविधवा नवमीला त्याच्यापुढे श्राद्धाचं पान वाढलं. जिवंत माणसाच्या नावाने असलं काही चुकून जरी केलं तरी आमची आजी कानशिलाशी बोटं कडाकडा मोडून दृष्ट काढायची. सासूबाईंना मेघनाच्या कपाटात हे सापडलं असणार, त्यांना पदर दिसला असणार, आणि सून गेलेल्या घरात त्यांनी दुसरं काही विचारलं नसणार. त्यांच्यावर मला रागावताही येईना. मी ईराला फोन लावला. लागला नाही.

गावाबाहेरून मिसिसिपी ओलांडायला एक छोटी फेरी आहे, पलीकडे इलिनॉय. मी गेले तेव्हा गाडीचे पंधरा डॉलर घेतले. पाणी वाढलं की बंद असते, आधी फोन करून जा. नदीवर दाट धुकं होतं. फेरीत माझी एकच गाडी, आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले. नदी लागली की नाणं टाकायचं, हे आपल्या हातातच असतं. माझा हात आपोआप डबीकडे गेला. सोडून द्यावं, संपवावं, असं अगदी स्पष्ट वाटलं. ईराला सांगता येईल, पडलं म्हणून. झाकण उघडलं. आतमध्ये परत क्रॉस वर होता. दुकानातून निघताना मी किल्ला वर ठेवल्याचं मला पक्कं आठवत होतं.

मी झाकण लावलं. पर्समधून पंचवीस सेंट काढून पाण्यात टाकले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "मेघना, माझं काय असेल ते असू दे. पोरीला काही करू नकोस." फेरीवाला काचेतून माझ्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

संध्याकाळी एफिंगहॅमला पोचले. ईराचा मेसेज आला होता. "स्लाइट फीवर. फ्लू फिरतोय. डोन्ट स्ट्रेस." मोटेल पंच्याण्णव डॉलर होतं आणि त्यातली झोप दहा डॉलरचीही झाली नाही. उजाडताच निघाले. तिसऱ्या दिवसाचं वर्णन वाचायला आला असाल तर माफ करा. इंडियाना सपाट आहे, मका कापून झालेला आहे, आणि इंडियानापोलिसला रस्त्याचं काम चालू आहे. यापलीकडे मला काही आठवत नाही.

ॲन आर्बरला दुपारी तीनला पोचले. सायकली, पानगळ, टोप्या घातलेली मुलं. ईराने ब्लँकेट पांघरूनच दार उघडलं, नाक लाल. मी दारातच तिच्या कपाळाला हात लावला. गरम होतं, पण फार नाही. कुकर वर आणायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. दुकान, किल्ला, करदोटा, नवमीचं पान. सांगता सांगता रडायला लागले.

ती ऐकत राहिली, मग हसली आणि खोकली. "मावशी, हाफ द कॅम्पस हॅज फ्लू. तू सगळ्यांचं श्राद्ध घातलंस का?"

"हसू नकोस. मी तुझा ताईत मेलेल्याचा म्हणून..."

"वेट. म्हणजे त्याच्यावर मॉम नाहीच आहे?" तिचं हसू गेलं. हेच मला तीन राज्यं भेवडावत होतं. या मुलीकडे आईचं म्हणून एवढंच होतं, आणि मी तेही तिला किल्ला करून आणून दिलं.

"नाही गं. नाहीच आहे."

तिने नाणं डबीतून काढलं, अंगठ्याने चोळलं, भोकातून खिडकीकडे पाहिलं. "यू नो, मी लहान असल्यापासून याला उलटं करून ठेवायचे. तू मॉमला दिवसभर बसवून ठेवायचीस ना, सरळ, सगळ्यांसमोर. आय थॉट शी मस्ट बी टायर्ड. तर मी तिला झोपवायचे."

घरी नाणं पालथं व्हायचं थांबलं ते कधी, हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं. ईरा कॉलेजला गेली तेव्हापासून. मोटेलचं आणि फेरीचं मी तिला सांगितलं नाही.

"बट धिस इज बेटर," ती हळूच म्हणाली. "टाक तर सोनाराने बनवला असता. हे तिने स्वतः पिक केलं. माझ्यासाठी." मग एकदम विचारलं, "त्या लेरॉयला तू काय सांगितलंस? मी कशी आहे म्हणून?"

"हट्टी आहे. जेवायची वेळ पाळत नाही. गुणी आहे."

"अँड ही थॉट यू वेअर हर."

"हो. सॉरी गं. मला नाही म्हणता आलं नाही."

तिने ड्रॉवरमधून शिवणाचा काळा दोरा काढला आणि मनगट माझ्यापुढे केलं. "कमरेला नाही हं, आय ॲम ट्वेन्टी. इथे बांध." मी तीन गाठी मारल्या. तिच्या हातावर ते नाणं अगदी साधं दिसत होतं, बाजारातून आल्यासारखं.

दोन दिवस राहिले, मुगाची खिचडी केली, तिचा ताप उतरला. परत येताना सरळ हायवेने आले, कुठे थांबले नाही. सगळा खर्च पेट्रोल धरून सातशे डॉलरच्या आत बसला. तुम्ही जाणार असाल तर सेंट जेनेव्हीवला एक रात्र राहा, मी राहिले नाही ते चुकलं.

घरी देवघरात टाकाच्या जागेवर तांदळात गोल खळगा राहिला होता. मिलिंद म्हणाला, पुण्याहून नवा करून मागवू, नीट, बाईच्या आकृतीचा. मी नको म्हटलं. खिशातलं कापलेलं दनिए काढून तिथे ठेवलं, अर्धा किल्ला वर करून. पंधरा वर्षं जिला घाबरून जेवू घातलं तिला यापुढे आपण होऊन घालावं, एवढंच मनात होतं. मिलिंदला मी दुकानातली सगळी गोष्ट सांगितली. या वेळी तो उठून बाहेर गेला नाही. "खूप हातांतून गेलेलं," एवढंच तो दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर घेऊन देवघरापाशी बसले, तर अर्धा क्रॉस वर होता. मिलिंद स्वयंपाकघरात चहा करत होता. मी त्याला काही विचारलं नाही. नाणं सरळही केलं नाही. साखर ठेवली, दिवा लावला आणि म्हटलं, झोपू दे तिला.